आतली कडी

आमच्या शाळेची घंटा म्हणजे
मोडक्या ट्रकच्या चाकाची रिम,
आंब्याला टांगलेली.
वाजवायला पहार होती, ती चोरीला गेली,
तेव्हापासून दगड.
दगडाचा आवाज बसका येतो.
टेकडीपलीकडची मुलं म्हणतात, ऐकूच आला नाही, सर.
खरंही असेल.

इयत्ता दुसरी: मुलं एकशे बारा, खिडक्या चार,
खिडक्या म्हणजे विटा संपल्या त्या जागा.
गेल्या वादळात छपराचे तीन पत्रे
म्सोवोयांच्या मक्यात जाऊन पडले.
दोन परत आले.
तिसऱ्याखाली त्यांची कोंबडी अंड्यांवर बसली होती,
मागायचा कसा?

फळा सिमेंटचा, भिंतीतच केलेला.
राखाडी पडला होता इतका
की खडू झिजायचा, अक्षर दिसायचं नाही.
पोरांनी गावभरचे संपलेले सेल गोळा केले,
रेडिओतले, टॉर्चमधले,
फोडून काळी भुकटी काढली,
भोपळ्याच्या पानांनी भिंतीवर घासघासून चोळली.
लुसुंगूचे हात बुधवारपर्यंत काळे.
गावाच्या साऱ्या ऐकून झालेल्या बातम्या,
चालून झालेल्या रात्री
त्या भिंतीत मुरल्या,
आणि वर मी लिहिलं: सात नवे त्रेसष्ट.

मग सोयाबीन विकून थोडे पैसे आले.
आंब्याखाली सभा.
कोणी म्हणालं पत्रे, कोणी म्हणालं बाकं,
मुख्याध्यापक म्हणाले, ऑफिसला कुलूप.
न्याम्बेवे उठल्या. सातवीचा हजेरीपट मागितला.
"वाचता येत नाही मला," म्हणाल्या,
"मोजता येतं."
आणि मुलींच्या ओळींवरून बोट फिरवत गेल्या.
चार फुल्या. पुन्हा चार. पुढच्या महिन्यात पुन्हा.
"दर महिन्याला ताप येतो का हो पोरींना?"
पुरुष वर बघून कैऱ्या मोजू लागले.

त्या फुल्या माझ्या हातच्या.
अकरा वर्षं, लाल शाईने,
शेरा: आजारी.

शाळेमागे मुलींचा संडास होता,
तीन बाजूंनी माती, चौथी बाजू उघडी.
एक आत गेली की दुसरी बाहेर
कमरेचं चितेंजे सोडून, दोन्ही हातांनी ताणून उभी.
ज्या कापडात बाळ बांधायचं, मका आणायचा,
त्याचाच आडोसा.
वाऱ्याच्या दिवशी तिघी लागत.

दार करायला येसाया आले.
ते शवपेट्या करतात, त्यांच्याकडे फळ्या होत्या.
उंची घेताना स्वतःशीच हसले:
"उभ्या माणसाचं माप घेऊन वर्षं झाली."
दार छान झालं, निळं,
कडी मात्र सवयीने बाहेरून ठोकली.
कोठीला असते तशी.
मुली एकमेकींकडे बघत राहिल्या.
शेवटी वेझीने त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला.
"चोर आत नसतो, आजोबा," म्हणाली,
आणि स्वतःच फिरवून आतून लावली.
एक स्क्रू वाकडा बसलाय अजून.

आता शिकवताना मधूनच ऐकू येतं,
खट्.
घंटेपेक्षा स्वच्छ.
मी भागाकार थांबवत नाही,
पण एक आकडा हातचा राहून जातो.

जूनचा हजेरीपट समोर आहे.
लाल शाई कमी लागली.
वेझीच्या ओळीत मात्र सहा फुल्या:
मका काढायला घरी ठेवली होती.
तिथे कुठलं दार लावायचं, मला ठाऊक नाही.

परवा म्सोवोयांनी पत्रा आणून दिला.
पिल्लं नऊ निघाली म्हणे.
पत्र्याला बरंच काही चिकटलंय,
दुसरीतली पोरं सकाळपासून घासत बसलीत,
आणि मी दगड हातात घेऊन उभा,
सुट्टी केव्हाच झालीय.